एकासारखी दुसरी सुरी

एक सुरी चांगली होणं आणि तिच्यासारखीच दुसरी होणं, ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलीत हात जरा चुकला तरी डोळा सावरून घेतो. टोक थोडं आत गेलं तर पोट, म्हणजे धारेचं टोकाकडचं वळण, थोडं वर घ्यायचं, आकार पुन्हा छान दिसतो. दुसरीत ही मुभा नसते, कारण तिची प्रत्येक रेघ आधीच ठरलेली असते. म्हणून नक्कल करायची असेल तर तिची तयारी पहिली सुरी करतानाच करावी लागते: भोकं कुठे पाडली, जाडी कुठे मोजली, पाणी देण्याआधी (म्हणजे पातं लाल तापवून, तेलात एकदम थंड करून कडक करण्याआधी) धारेशी किती माल शिल्लक ठेवला, हे सगळं तेव्हाच लिहून ठेवायचं. पहिली पूर्ण झाल्यावर ती समोर ठेवून डोळ्यांनी जुळवत बसलं की बाह्याकार जुळतो, पण हातात घेतल्यावर दुसरी सुरी वेगळीच लागते. आकार सारखा आणि जाडी वेगळी, हा नकलेतला नेहमीचा दोष.

इथे उदाहरणाला स्वयंपाकघरातली मध्यम सुरी घेतो. पातं १६० मि.मी., मूठ १२० मि.मी., टाचेशी, म्हणजे धारेच्या मुठीकडच्या टोकाशी, पात्याची उंची ४० मि.मी., मूळ पट्टी २.५ मि.मी. जाडीची. मुठीखालचं पोलाद, म्हणजे शेपटी, मुठीच्याच आकाराची आणि पूर्ण लांबीची. दोन्ही बाजूंनी फळ्या आणि आरपार पिना. नकलेसाठी हीच रचना सोयीची, कारण शेपटीतली भोकं पुढे प्रत्येक टप्प्याला सुरी जागेवर बसवायच्या खुणा म्हणून उपयोगी पडतात. मुठीत खुपसलेल्या अरुंद शेपटीच्या सुरीला अशी पक्की खूण मिळत नाही.

पोलाद मी १०८४ वापरतो. त्यात कार्बन ०.८ ते ०.९३ टक्के आणि मँगनीज ०.६ ते ०.९ टक्के असतं. कार्बन विरघळायला त्याला फार वेळ लागत नाही, त्यामुळे तापमान धरून ठेवण्याची सोय नसलेल्या साध्या गॅसच्या भट्टीतही ते नीट कडक होतं. ५२१०० किंवा ओ१ ही पोलादं सुरीला उत्तम, पण त्यांना नेमकं तापमान काही मिनिटं स्थिर धरावं लागतं. ते नियंत्रक असलेल्या विजेच्या भट्टीचं काम. १०९५ मध्ये मँगनीज कमी असल्याने ते फार झपाट्याने थंड व्हावं लागतं आणि साध्या खाद्यतेलात पुष्कळदा अर्धवट कडक होतं. गंजरोधक पोलादाला हजार अंशांच्या बरंच वर तापमान लागतं आणि हवा लागू नये म्हणून ते पातळ पत्र्याच्या वेष्टनात गुंडाळावं लागतं. घरी तेवढी सोय नसेल तर आकार देऊन पाती उष्णोपचार करणाऱ्याकडे पाठवलेली बरी. गाडीच्या जुन्या पाटा स्प्रिंगच्या सुऱ्या खूप जण करतात. एकट्या सुरीला ते चालतंही, पण नकलेला नाही. दोन स्प्रिंगांचं पोलाद एकच असेल याची खात्री नसते आणि वर्षानुवर्षं वाकून झालेल्या पट्टीत डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. जितक्या सुऱ्या करायच्या, तितके सगळे तुकडे एकाच लांब पट्टीतून कापायचे.

जुन्या सुरीची नक्कल करायची असेल तर आधी तिचा आकार उतरवावा लागतो. कागदावर ठेवून पेन्सिल फिरवली की आकृती पेन्सिलच्या अर्ध्या जाडीने सगळीकडे फुगते, शिवाय पेन्सिल तिरपी झाली की आणखी बिघडते. सपाट काचेच्या स्कॅनरवर सुरी आणि तिच्याशेजारी पोलादी पट्टी ठेवून चित्र घेतलं तर काम नेमकं होतं. छापल्यावर त्या पट्टीचे १०० मि.मी. खऱ्या पट्टीने मोजायचे. ते ९९ भरले तर प्रिंटरने आकार लहान केला आहे, सेटिंग बदलून पुन्हा छापायचं. मूठ जाड असल्याने पातं काचेपासून वर राहतं, म्हणून लांबी, टाचेची उंची आणि मुठीची उंची वर्नियर कॅलिपरने पडताळून घ्यायची.

जुनी सुरी वापरून झिजलेली असते हेही लक्षात ठेवावं लागतं. वर्षानुवर्षं धार लावून पोट आत गेलेलं असतं, टोक मागे सरकलेलं असतं आणि टाचेजवळ दगड पोचत नसल्याने तिथे एक उंचवटा राहिलेला असतो. तो उंचवटा मूळ धारेची रेघ कुठे होती ते दाखवतो. त्याच्या खालच्या कडेपासून टोकापर्यंत नवी वळणदार रेघ काढायची. झिजलेला आकार जसाच्या तसा उतरवला तर नवी सुरी जन्मतःच म्हातारी होते. जाडी मात्र जुन्या सुरीवरून घ्यायची ती पाठीवरचीच. झिजल्यामुळे आताची धार मुळात जिथे पातं जाड होतं तिथवर वर आलेली असते, त्यामुळे धारेलगतचा आकडा फसवा निघतो.

आकार ठरला की फर्मा, म्हणजे आखणीचा पक्का नमुना, करायचा. फर्म्याला ३ मि.मी.ची पोलादी पट्टी घ्यावी. प्लायवूड किंवा अॅक्रिलिकच्या फर्म्यावर आखणीची सुई चार वेळा फिरली की कड खाल्ली जाते. छापील आकृती पट्टीवर चिकटवून करवतीने बाहेरून कापायची आणि कानशीने रेघेपर्यंत आणायची. फर्म्याच्या कडा पट्टीच्या पृष्ठाला अगदी काटकोनात हव्यात. लहान गुण्या लावून उजेडासमोर धरून सगळीकडे तपासाव्यात. कड तिरपी असेल तर एका बाजूने आखलेला आकार आणि उलट्या बाजूने आखलेला आकार वेगळे येतात. म्हणूनच फर्म्याच्या एका पृष्ठावर "उजवी" असं कोरून ठेवावं आणि प्रत्येक तुकड्याच्या त्याच बाजूला मार्करने तसंच लिहावं. भोकं किंचित तिरपी गेली असली तरी सगळे तुकडे एकाच बाजूने जुळवले तर तिरपेपणाही सगळ्यांत सारखाच राहतो आणि कुठे अडत नाही.

फर्म्यात शेपटीच्या जागी ५ मि.मी.ची दोन भोकं, त्यांच्यात निदान ७० मि.मी. अंतर. हीच पुढे पिनांची भोकं होतात. फर्माही १०८४ चाच असेल तर तो कडक करून घ्यावा, मग कानस त्याच्या कडेवरून घसरते आणि आकार वर्षानुवर्षं टिकतो.

तुकड्यांवर भोकं पाडण्याचा क्रम महत्त्वाचा. फर्मा आणि तुकडा सी-क्लॅम्पने एकत्र आवळायचे, पहिलं भोक पाडायचं आणि लगेच त्यात ५ मि.मी.ची पिन घालायची. मगच दुसरं भोक. दोन्ही भोकं सलग पाडली तर दुसऱ्या भोकाच्या वेळी ड्रिलच्या पिळाने तुकडा केसभर फिरतो आणि ते केसभर टोकाशी पोचेपर्यंत एक मिलिमीटर होतं. ड्रिल मशीनवर काम आवळूनच ठेवायचं आणि हातमोजे घालायचे नाहीत. ड्रिलने मोजा पकडला तर बोट सुटत नाही. भोकाच्या दोन्ही कडा मोठ्या ड्रिलने हलक्या मोडून घ्यायच्या, कारण तीक्ष्ण कडेपासून पुढे तेलात चीर सुरू होऊ शकते.

चार तुकडे पिनांवर एकत्र रचले की २.५ मि.मी.चे मिळून १० मि.मी.चा ठोकळा होतो. मधल्या भागात आणि टोकाकडे एकेक क्लॅम्प लावून पूर्ण बाह्याकार एकदमच घासायचा. एकेकट्या पातळ पट्टीवर कानस थरथरते आणि कड गोलावते. १० मि.मी. रुंदीवर ती स्थिर बसते आणि काटकोन राखणं सोपं जातं. फर्मा वरच्या बाजूला पिनांवर बसवलेलाच असतो, त्यामुळे कुठे थांबायचं ते बोटाच्या नखाने कळतं. फर्मा आणि ठोकळा यांच्यामध्ये नख अडकलं नाही की झालं. आतल्या वळणांना, म्हणजे टाच आणि मूठ मिळतात त्या कोपऱ्याला, किमान ३ मि.मी. त्रिज्या ठेवावी. काटकोनी आतला कोपरा पाणी देताना हमखास तडकण्याची जागा.

ठोकळा सोडला की प्रत्येक तुकडा पाच ठिकाणी मोजायचा. एकाच पट्टीतले तुकडेही ०.०५ ते ०.१ मि.मी.ने कमीजास्त निघतात. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण अर्ध्या उंचीपर्यंतच उतार (धारेकडे पातळ होत जाणारी बाजू) असलेल्या सुरीत तो लगेच डोळ्यांना दिसतो. उताराचा कोन प्रत्येक बाजूला ३ अंश असेल आणि पट्टी ०.१ मि.मी. जास्त जाड असेल, तर उताराची वरची रेघ सुमारे १ मि.मी. वर सरकते. दोन सुऱ्या शेजारी ठेवल्या की हाच फरक सगळ्यात आधी नजरेत भरतो. म्हणून आधी काचेवर १२० ग्रिटचा (हा आकडा मोठा तितका पेपर बारीक) एमरी पेपर चिकटवून सगळे तुकडे सर्वात पातळ तुकड्याएवढे करायचे. कंटाळवाणं काम आहे, पण याला दुसरा मार्ग नाही.

आता उतार. आपल्या उदाहरणात तो धारेपासून थेट पाठीपर्यंत सपाट जातो, त्यामुळे मध्ये रेघ दिसत नाही, पण कोन फार बारीक असतो. पाणी देण्याआधी धारेशी ०.९ मि.मी. माल ठेवायचा आहे. म्हणजे प्रत्येक बाजूने ४० मि.मी. उंचीत ०.८ मि.मी. उतरायचं. तो कोन साधारण १.१५ अंश येतो. मध्यरेषा आखायला एक साधं साधन पुरतं: लाकडी ठोकळ्यात आडवा बसवलेला टोकदार स्क्रू, त्याचं टोक सपाट पृष्ठापासून बरोबर ०.८ मि.मी. उंचीवर. धारेची कड मार्करने काळी करायची, तुकडा काचेवर आडवा ठेवून टोक कडेवरून ओढायचं, मग तुकडा उलटून पुन्हा ओढायचं. दोन रेघा मिळतात आणि त्यांच्यातलं अंतर आपोआप ०.९ मि.मी. येतं, अगदी मध्यावर. दोन्हीकडून त्या रेघेपर्यंत घासायचं आणि रेघ दिसेनाशी व्हायच्या आत थांबायचं.

कानशीने काम करणाऱ्याला मार्गदर्शक दांडा लावलेला जिग फार उपयोगी. फळीवर पातं पिनांनी बसवायचं, कानशीला लांब गज जोडायचा आणि तो गज पाठीच्या मागे उभ्या केलेल्या कडीतून सरकवायचा. कडीची उंची हाच कोन. कडी धारेपासून ४०० मि.मी. अंतरावर असेल तर १.१५ अंशासाठी ती धारेच्या पातळीपेक्षा ८ मि.मी. वर हवी. यात कडी १ मि.मी. वरखाली झाली तर ४० मि.मी. उंचीच्या पात्यावर ०.१ मि.मी. फरक पडतो. म्हणून कडीला दोन्हीकडून नट आवळायचे, आणि पहिली सुरी झाल्यावर ती उंची न हलवता सगळ्या नकला त्याच बैठकीत काढायच्या. आधी सगळ्यांची उजवी बाजू, मग कडी तशीच ठेवून सगळ्यांची डावी. एक सुरी दोन्ही बाजूंनी पूर्ण करून पुढचीकडे वळणं ही नकलेतली चुकीची सवय आहे, कारण दर वेळी मांडणी थोडी बदलते.

टोकाकडे पाठ खाली येते आणि उंची कमी होते, त्यामुळे तोच कोन राखला की पाठ आपोआप पातळ होत जाते. ती वेगळी तासावी लागत नाही. पोटाच्या वळणावर मात्र कानस धारेला काटकोनात फिरवावी लागते, सरळ रेषेत ओढली तर टोकाची एक बाजू जाड राहते.

बेल्ट ग्राइंडर असेल तर वेगळा रस्ता घेता येतो: २.५ मि.मी. किंवा त्याहून पातळ पट्टीला उतार न काढताच पाणी द्यायचं आणि सगळा उतार नंतर काढायचा. सपाट पट्टी तेलात फारच कमी वाकते. बेल्ट जास्त खर्च होतात आणि पातं थंड ठेवायला पाण्याची बादली हाताशी लागते, तरी पातळ सुऱ्यांना मी हाच मार्ग चांगला मानतो. कानशीवाल्याला तो बंद आहे, कारण कडक पोलादाला कानस लागत नाही.

पाणी देण्याआधी सगळं अंग १२० ग्रिटपर्यंत, ओरखडे पात्याच्या लांबीच्या दिशेने. ३६ किंवा ४० च्या बेल्टचे आडवे खोल ओरखडे म्हणजे चिरेला करून दिलेली सुरुवात. मग तीन वेळा मोकळ्या हवेत थंड करायचं: पहिल्यांदा सुमारे ८७० अंशांवरून, दुसऱ्यांदा ८१५, तिसऱ्यांदा ७६०. दर वेळी लाली पूर्ण जाऊन पातं काळं होईपर्यंत थांबायचं, वारा लागू द्यायचा नाही. याने घासताना साठलेला ताण उतरतो आणि पोलादाचा दाणा, म्हणजे आतले स्फटिक, बारीक होतो. या फेऱ्यांत एखादं पातं वाकलं तर ते आधीच ताणलेलं होतं असं समजावं. ते इथेच सरळ करून घेतलेलं परवडतं.

कडक करण्याचं तापमान १०८४ ला ८१५ अंशांच्या आसपास. थर्मोकपल, म्हणजे भट्टीतलं तापमान मोजणारी तार, असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर तीन खुणा एकमेकींशी पडताळून पाहायच्या. लोहचुंबक चिकटणं ७७० अंशांपर्यंत पूर्ण थांबतं, त्यानंतर अजून थोडं वर जायचं असतं. खाण्याचं मीठ ८०१ अंशांना वितळतं. पात्याशेजारी भट्टीत ठेवलेल्या पोलादी तुकड्यावर मिठाचं पाणी वाळवून पांढरा थर ठेवला, तर तो चकाकून वितळला की आपण जवळ पोचलो. तिसरी खूण सगळ्यात चांगली, पण त्यासाठी भट्टीची जागा अंधारी हवी. पोलादाची आतली रचना बदलत असताना ते उष्णता शोषून घेतं, त्यामुळे लाल पात्यावर काळसर सावल्या फिरताना दिसतात. पातळ धारेकडून त्या आधी नाहीशा होतात, जाड पाठीकडून शेवटी. शेवटची सावली गेली की रंग सगळीकडे एकसारखा होतो. तिथून तो जरा उजळ होईपर्यंत, मग मिनिट-दोन मिनिटं त्याच रंगावर धरायचं. रंगाच्या नावांवर विसंबू नये. उन्हात जो रंग काळपट लाल दिसतो तोच अंधारात झगझगीत दिसतो.

टोक नेहमी आधी तापतं आणि जास्त तापतं. पातं सतत पुढेमागे सरकवत ठेवावं, ज्वाला थेट पात्यावर येऊ देऊ नये. भट्टीत चौकोनी पोलादी नळी ठेवून तिच्यात पातं तापवलं तर उष्णता एकसारखी मिळते, आणि चार पात्यांना सारखीच मिळते.

तेल: मोहरीसारख्या बियांपासून काढलेलं कॅनोला १०८४ ला पुरतं, ५० ते ६० अंशांपर्यंत गरम केलेलं. थंड तेल घट्ट असतं, पात्याभोवती वाफेचा पदर धरून ठेवतं आणि हळू थंड करतं. गरम तेल पातळ होऊन लवकर भिजवतं. उभं, झाकणाचं, पत्र्याचं भांडं हवं. प्लास्टिक कधीच नाही. तेलाची खोली ३५० मि.मी. आणि तेल किमान ५ लिटर. एवढं तेल आपल्या मापाच्या एका पात्याने हिशेबाने ५ ते ७ अंश तापतं, म्हणून चार पाती लागोपाठ बुडवली तर चौथ्याला २० अंशांनी गरम तेल मिळतं. प्रत्येक पात्याआधी तेल ढवळून तापमान पाहायचं आणि ते पुन्हा ५५ वर आल्याशिवाय पुढचं पातं भट्टीतून काढायचं नाही.

भट्टीतून तेलापर्यंतचं अंतर एका पावलाचं असावं. पहिल्या सेकंदाच्या आसपास पोलाद साडेपाचशे अंशांच्या खाली आलं पाहिजे. पातं टोकाकडून सरळ उभं आत घालायचं आणि कापण्याच्या दिशेने पुढेमागे हलवायचं. आडवं, म्हणजे सपाट बाजूने हलवलं तर एक बाजू आधी थंड होते आणि पातं वाकतं. तेलाने पेट घेतला तर तो पातं अर्धवट बाहेर राहिल्यामुळे. पूर्ण बुडवलं की ज्वाला विझते. तरी झाकण हाताशी आणि कोरड्या पावडरचं अग्निशामक जवळ हवंच. जळत्या तेलावर पाणी टाकलं तर ते उसळून सगळीकडे पेटतं.

दहाएक सेकंदांनी पातं बाहेर काढायचं. अजून ते २०० अंशांच्या आसपास असतं आणि पुरतं कडक झालेलं नसतं. या अवस्थेत जाड चामडी मोजे घालून ते हाताने सरळ करता येतं, नाहीतर दोन जाड अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये शेगड्यात (व्हाइसमध्ये) आवळून थंड होऊ द्यायचं. ही संधी काही सेकंदांचीच. पूर्ण थंड झालेलं पातं काचेसारखं असतं. ते वाकवायला गेलं की तुटतं, फरशीवर पडलं तरी तुटू शकतं.

थंड झाल्यावर धारेवर जुनी कानस हलक्या हाताने फिरवायची. ती काचेवरून जावी तशी घसरली तर कडकपणा आला. पहिल्या दोन घासांत चावली तरी घाबरायचं नाही. वरच्या थरातला कार्बन भट्टीत जळालेला असतो, तो मऊ पदर निघाला की खाली कानस घसरते. खाली गेल्यावरही चावत असेल तर तापमान कमी पडलं किंवा तेल उशिरा मिळालं. पातं फुकट गेलं नाही, पुन्हा हवेत थंड करण्याच्या फेऱ्यांपासून सुरुवात करता येते. दाण्याची परीक्षा मात्र पातं न तोडता होत नाही, म्हणून त्याच पट्टीचा एक बोटभर तुकडा बरोबरच तापवून बुडवायचा आणि शेगड्यात धरून मोडायचा. मोडलेली कड राखाडी आणि मऊसर दिसली तर ठीक. साखरेसारखे चकाकणारे दाणे दिसले तर तापमान फार वर गेलं होतं आणि ती पाती ठिसूळ राहणार.

तासाभराच्या आत पाती ओव्हनमध्ये जायला हवीत. २०० अंशांवर दोन तास, खोलीच्या तापमानाला थंड, पुन्हा २०० वर दोन तास. ओव्हनच्या बटणावरचा आकडा मानू नये. आत वेगळं थर्मामीटर ठेवावं आणि पाती कोरड्या वाळूच्या ट्रेमध्ये उभी रोवावीत, म्हणजे तापमानाचे चढउतार त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. सगळ्या नकला एकाच ट्रेमध्ये, एकाच वेळी. इथे वेगवेगळ्या दिवशी काम केलं की दोन सुऱ्यांच्या कडकपणात फरक पडतो आणि एकीची धार दुसरीआधी जाते. १०८४ ला या तापमानावर कडकपणा रॉकवेल सी मापावर साधारण ६० च्या आसपास येतो. स्वच्छ घासलेल्या पृष्ठावर फिकट गवती रंग चढतो, पण रंग वेळेवरही अवलंबून असतो, तो फक्त साक्षीला ठेवावा.

राहिलेला बाक याच टप्प्यावर काढता येतो. पातं जाड सरळ लोखंडी पट्टीवर ठेवून, बाक असेल तिथे खाली लहान नाणं किंवा पत्रा सरकवून, दोन्ही टोकांना क्लॅम्प लावून उलट दिशेला बाकापेक्षा थोडं जास्त वाकवायचं आणि तसंच दुसऱ्या फेरीत ओव्हनमध्ये ठेवायचं. एका वेळी थोडंच. गार पात्यावर क्लॅम्प जोरात आवळला तर तडकण्याचा धोका असतो, पहिली फेरी झाल्याशिवाय हे करूच नये.

यापुढचं घासणं म्हणजे खरी नक्कल. इथे तीन ठिकाणं ठरवायची: टाचेपासून १० मि.मी., ८० मि.मी. आणि १३५ मि.मी. आपल्या सुरीची पाठ या ठिकाणी अनुक्रमे २.४, २.० आणि १.२ मि.मी. आणायची, धार लावण्याआधी कड सगळीकडे ०.२५ मि.मी. टाचेशी उंची ४०, मध्ये ३४ आणि टोकाकडे १८ मि.मी. धरली तर यातून एक छान गोष्ट निघते. धारेपासून १० मि.मी. वर तिन्ही ठिकाणी जाडी जवळजवळ ०.८ मि.मी. येते. हा एकच आकडा मी सगळ्यात जास्त जपतो, कारण भाजी कापताना सुरी कशी सरकते ते तिथेच ठरतं. मोजायला वर्नियरच्या जबड्यावर टोकापासून १० मि.मी.वर रेघ मारून ठेवायची. धार त्या रेघेशी आली की जबड्याची टोकं बरोबर त्या उंचीवर टेकतात.

बेल्टवर प्रत्येक घासानंतर पातं पाण्यात बुडवायचं आणि मोजे न घालता धरायचं, म्हणजे बोटांना चटका बसण्याआधी कळतं. बेल्ट नवा आणि धारदार हवा, झिजलेला बेल्ट कापत नाही, तापवतो. कडेला निळा रंग आला की तो भाग मऊ झाला. नुसता रंग घासून काढल्याने कडकपणा परत येत नाही. तेवढा भाग काढून टाकावा लागतो आणि मग ती नक्कल राहत नाही. पोलादाची धूळ फुफ्फुसात जाऊ नये म्हणून बारीक कण अडवणारा मुखवटा आणि डोळ्यांना चष्मा. फिरत्या कापडी चाकावर पॉलिश मी सुरीला करत नाही, चाक पात्याची कड पकडून सुरी अंगावर फेकतं.

मोजमापं जुळली की वजन करून बघावं. ग्रॅममध्ये मोजणारा साधा काटा पुरतो. या मापाच्या पात्यावर सरासरी ०.१ मि.मी. जाडी म्हणजे साधारण ४ ग्रॅम. दोन पाती एकमेकांच्या २ ग्रॅमच्या आत आली तर हाताला फरक जाणवत नाही. वजन जास्त असेल आणि तिन्ही ठिकाणचे आकडे जुळत असतील तर मधल्या भागात फुगवटा राहिला आहे. पोलादी पट्टीची कड पात्यावर आडवी धरून उजेडात बघितलं की तो सापडतो. शेवटी २४०, मग ४०० चा वॉटर पेपर कडक ठोकळ्यावर गुंडाळून, लांबीच्या दिशेने.

मुठीच्या फळ्यांचं काम लवकर सांगून होतं. प्रत्येक जोडी एकाच लाकडाच्या ठोकळ्यातून उभी चिरलेली आणि पूर्ण वाळलेली. ओलं लाकूड नंतर आकसतं आणि शेपटीची कड बाहेर येते. फळ्यांची पात्याकडची टोकं चिकटवण्याआधीच पिनांवर एकत्र धरून आकार देऊन पॉलिश करून घ्यायची, नंतर तिथे हात घातला की पात्यावर ओरखडे पडतात. शेपटी आणि फळ्यांच्या आतल्या बाजू ६० ते ८० ग्रिटने खरखरीत करायच्या, अॅसिटोनने पुसायच्या आणि मग बोट लावायचं नाही. पिना भोकात हाताने सरकाव्यात. ठोकून बसवायला गेलं की फळी चिरते. चिकटवायला इपॉक्सी हळू सुकणारं, क्लॅम्प बेताचा. फार आवळलं तर सगळं इपॉक्सी बाहेर येऊन सांधा कोरडा राहतो. चोवीस तास हात लावायचा नाही. पिनांची टोकं बेल्टवर घासताना तापतात आणि भोवतीचं इपॉक्सी मऊ पडतं, म्हणून थांबत थांबत.

मुठीची गोलाई जुळवायला पहिल्या मुठीवर चार ठिकाणी रुंदी आणि उंची मोजून ठेवायची, शिवाय जाड पुठ्ठ्यात त्या चार ठिकाणच्या अर्ध्या छेदाच्या खाचा कापून ठेवायच्या. दुसऱ्या मुठीवर खाच टेकवली की उजेड कुठून येतो ते दिसतं, म्हणजे तिथे माल आधीच जास्त निघाला आहे. त्यामुळे खाच घट्ट बसत असताना थांबायचं आणि उरलेलं हाताने पेपरने काढायचं. कडा आधी ४५ अंशांत सारख्या रुंदीच्या मोडून घ्यायच्या, मग त्या कडांच्या कडा मोडायच्या, गोलाई शेवटी. थेट गोल करायला गेलं तर डावी-उजवी बाजू कधी सारखी येत नाही.

धार प्रत्येक बाजूला १५ अंश. टाचेशी ४० मि.मी. उंचीला पाठ दगडापासून सुमारे १० मि.मी. वर धरायची. टोकाकडे उंची घटते तशी पाठही खाली आणायची, १८ मि.मी. उंचीला साडेचार. आधी १००० च्या दगडावर एका बाजूने, पलीकडच्या कडेला सलग बर (घासताना वळून राहिलेला पोलादाचा बारीक काठ) बोटाला लागेपर्यंत, मग दुसऱ्या बाजूने. नंतर ३००० वर हलक्या हाताने दोन्हीकडून, आणि चामड्यावर उलट्या दिशेने ओढून बर काढून टाकायची. धार लावल्यावर पितळेच्या गजावर कड हलकी दाबून ओढून बघावी. दाबाखाली ती किंचित वाकून परत जागेवर आली तर पाणी बरोबर बसलं. वाकलेलीच राहिली तर पातं मऊ आहे, कपची उडाली तर जास्त कडक. कपची उडणारं पातं मूठ बसवण्याआधी सापडलं तर ते २२० अंशांवर पुन्हा दोन तास ठेवता येतं. म्हणून पितळेची परीक्षा मी फळ्या चिकटवण्याआधी, तात्पुरती धार लावून, प्रत्येक पात्यावर करून घेतो आणि मग मूठ होईपर्यंत त्या धारेवर जाड चिकटपट्टी गुंडाळून ठेवतो.